गाडी एक वीट खाली

दादाची गाडी अंगणात लागली की आमच्या पुढच्या खोलीत अंधार पडायचा. वाढवून सांगत नाही. सरावलीचं आमचं घर बसकं, वडिलांनी रेल्वेत फिटर असताना बांधलेलं, खिडक्या कमरेच्या उंचीवर. ते काळं धूड खिडकीपुढे उभं राहिलं की भरदुपारी मला ट्यूबलाइट लावावी लागायची. आणि दादा सोफ्यावर बसून किल्ली बोटाभोवती फिरवत म्हणायचा, "काय रुबाब आहे बघ." रुबाब म्हणे. डोंबल तुझा रुबाब!

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. राहतो तलासरीला, हायवेच्या कामांना खडी पुरवतो आणि दिवसभर फोनवर अर्धं गुजराती बोलतो. "हा भाई, थई जाशे," हे त्याचं पालुपद. होऊन जाईल म्हणतो आणि होत काहीच नाही. गाडी घेतली तीसुद्धा मिळेल तेवढी मोठी. तरी कंपनीने दिलेली उंची ह्या साडेपाच फुटी माणसाला पुरली नाही. म्हणून टायर मोठे घातले, पुढून गाडी वर चढवून घेतली आणि मागच्या कमानीत एक जादा पाटा घालून घेतला. मग स्वतःच दारावरची मूठ धरून लोंबकळत आत चढायचा. उंटावरून शेळ्या हाकायची हौस, दुसरं काय!

मी त्याच्याहून सात वर्षांनी लहान. तलासरीच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या वर्गाला शिकवते. "बाई असून?" असं कुणी विचारलं तर मी त्याच्या हातात पाना देते आणि म्हणते, बाप्या असून हा नट खोलून दाखव. मला हे वडिलांनी शिकवलं. दादालाही शिकवायला गेले होते, पण त्याच्या हाताला ग्रीस लागलं की तो जाऊन आईच्या पदराला पुसून यायचा, आणि आई पुसू द्यायची. लग्न मी केलं नाही. आईजवळ राहते. दादाच्या हिशेबी मी 'घरी बसलेली', जरी रोज सकाळी बस पकडून तलासरीला मीच जाते आणि तो अकराला उठतो.

आमचं दोघांचं कधीच पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्यात एकट्या दादाला दोष द्यावा असं मला अजूनही वाटतं. पण ते खरं नाही.

आईचे गुडघे गेलेत. घरात भिंत धरून फिरते, ओट्यापाशी उभी राहून भाजी चिरते, पण पाय वर उचलायचा म्हटलं की तोंड वाकडं होतं. तीन वर्षांपूर्वी तलासरीला दादाच्या मेव्हणीच्या मुलीचं लग्न होतं. निघताना आईला गाडीत चढवायला हॉलमधलं एक प्लास्टिकचं स्टूल आणलं. धरणार होता दादा. एका हातात आईचा दंड, दुसऱ्या हातात फोन, आणि स्टूल हलू नये म्हणून त्याच्यावर पाय. फोन वाजला. वाजणारच! ह्याने फोन कानाला लावला, पाय काढला, स्टूल कलंडलं आणि आई दारात अर्धी आत, अर्धी बाहेर लोंबकळली. साडी गुडघ्याच्या वर गेली. सगळं वऱ्हाड बघत होतं. दोन-चार जण हसलेसुद्धा.

आई रडली नाही. पण त्या दिवसापासून गाडीपुढे स्टूल ठेवा, पाट ठेवा, खोकं ठेवा, ती त्याच्यावर पाय ठेवेना. "माझ्या पायाखालचं कोण कधी काढून घेईल, काय नेम?" म्हणायची. स्टूल नाही म्हणजे दादाच्या गाडीत चढणं नाही. दवाखान्यात मी तिला रिक्षाने नेत होते आणि तिचं काही अडत नव्हतं.

अडलं ते माहेराचं. मामा कैनाडला. आईच्या पाठचा एकुलता एक भाऊ, शेतीवाला, बोलायला गोड आणि हट्टाला पक्का. भाऊबीजेला आई कधी चुकली नव्हती. त्या तलासरीच्या लग्नानंतरच्या वर्षी मामाच कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून आला. त्याच्या पुढच्या वर्षी तो अंथरुणाला खिळला होता. मी म्हटलं, आईला रिक्षाने नेते. दादा म्हणाला, माझी गाडी असताना माझी आई रिक्षाने माहेरी जाणार? लोक तोंडात शेण घालतील. मी म्हटलं, मग आधी गाडी माणसांसारखी कर. तो म्हणाला, तू मला शिकवू नकोस. ह्या भांडणात सण निघून गेला आणि आईने भावाला फोनवरून ओवाळलं. म्हणजे फोन स्पीकरवर ठेवून निरांजन फिरवलं. मी तेव्हा हसले होते.

यंदा एका बुधवारी संध्याकाळी मामीचा फोन आला. "पेजसुद्धा खाली उतरत नाही. ताई कधी येते, एवढंच विचारतात." आई फोन खाली ठेवून मला म्हणाली, "उद्या मला कैनाडला ने." तेवढंच. गेल्या वर्षभरात तीनदा 'मामा काही खरं नाही' असा निरोप आला होता आणि तिन्ही वेळा मामा दुसऱ्या दिवशी उठून चहा मागता झाला होता. म्हणून मी ते फारसं मनावर घेतलं नाही. आईने घेतलं असणार. ती रात्री नीट जेवली नाही.

दादाला मीच कळवलं. हीच पहिली चूक. गुरुवारी सकाळी आठला तो गाडी घेऊन हजर. मोठ्याने म्हणाला, "चल आई, भावाकडे जायचं ना? राणीसारखी नेतो." राणी दारापर्यंत भिंत धरत आली. तिने त्या पायरीकडे बघितलं. म्हणजे गाडीच्या बाजूला पाय ठेवायला असते ना पट्टी, तीच आईच्या गुडघ्यापाशी येत होती. तिने मूठ धरली, पाय उचलला, अर्ध्यावर नेला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा खाली. तिसऱ्यांदा दादाचा धीर सुटला आणि त्याने मागून तिच्या दोन्ही काखांत हात घालून तिला उचललं. आई ओरडली. नुसती दुखलं म्हणून ओरडली नाही, चिडून ओरडली. त्याच्या हातावर फटके मारले आणि म्हणाली, "सोड! मी काय पोतं आहे?"

दादाने सोडलं. तोंड लाल झालेलं. आई तिथेच पायरीवर बसली, आमच्या घराच्या पायरीवर, आणि हाफत म्हणाली, "मला टमटम बोलवून द्या. नाक्यावरून कितीतरी जातात कैनाडला. अर्धा तास लागतो. मी जाते माझी."

"टमटम?" दादा म्हणाला. "दारात एवढी गाडी असताना? कैनाडमध्ये मला सगळे ओळखतात. खडीवाल्याची आई टमटममधून उतरली म्हणतील. माझी काय किंमत राहील?"

"तुझी किंमत गेली खड्ड्यात," मी म्हटलं.

"तू मध्ये बोलू नकोस."

"मीच बोलणार. तिला सांभाळते कोण?"

असं पाऊण तास. आई मधे बसलेली आणि आम्ही दोघं तिच्या डोक्यावरून एकमेकांवर तोंड टाकतोय. शेवटी त्याला सुरतला जायचं होतं. गाडी इथेच ठेवतो, डहाणूरोडहून ट्रेनने जातो, शनिवारी येतो, तेव्हा चार माणसं बोलावून तिला अलगद खुर्चीसकट आत ठेवू, असा त्याने निकाल दिला. खुर्चीसकट! आईला विचारलं नाही. किल्ली टेबलावर टाकून निघून गेला.

आता खरं तर काय करायला हवं होतं? दोन मिनिटं चालत नाक्यावर जायचं, टमटम आणायची, आईला बसवायचं आणि कैनाड गाठायचं. दहा वाजता आम्ही मामाच्या दारात असतो. शेंबडं पोरही हेच करेल. आई तर साडी बदलून तयार होती.

पण माझं डोकं फिरलं. टेबलावर ती किल्ली होती. मनात आलं, टमटमने का म्हणून? आई जाईल तर ह्याच गाडीतून जाईल. कुणी न उचलता, कुणी न धरता, स्वतःच्या पायाने चढेल आणि सगळ्या कैनाडसमोर उतरेल. त्यासाठी मी हे धूड खाली आणीन. दादा शनिवारी येईल आणि बघेल की त्याच्या नाकापेक्षा जड झालेला मोती मी उतरवून ठेवलाय. माझ्या अंगात त्या वेळी जे काही चढलं होतं त्याला मी आईची माया समजत होते. माया कसली! ती खुन्नस होती.

"आई," मी म्हटलं, "दोन दिवस थांब. तुला ह्याच गाडीतून नेते. पाय दुखणार नाही."

"टमटमने गेलो असतो गं."

"थांब म्हटलं ना!"

ती थांबली. आमच्या आवाजापुढे ती नेहमीच थांबत आली आहे. मामीला फोन करून सांगितलं, गाडीचं काम आहे, शनिवारी सकाळी येतो. मामी "बरं" म्हणाली.

आयटीआयमध्ये रजा टाकली आणि आधी माप घेतलं. आईला खिडकीचा गज धरून भिंतीशी उभं केलं, शेजारच्यांच्या बांधकामाच्या उरलेल्या विटा आणल्या आणि आडव्या एकावर एक ठेवत गेले. स्टुलाला नाही म्हणणाऱ्या आईने विटांवर पाय ठेवला, कारण त्या घरात होत्या आणि जवळ गाडी नव्हती. एक वीट, जमलं. दोन, जमलं. तीन, ओठ आवळून जमलं. चौथीवर तिने डोळे मिटले, पण पाय ठेवला आणि अंग वर घेतलं. पाचवीला पाय पोचलाच नाही. मग बाहेर जाऊन गाडीच्या पट्टीखाली विटा रचल्या. बरोबर पाच. म्हणजे सगळा तंटा एका विटेचा होता. चार बोटं! दादाने पैसे देऊन जेवढी चढवली, साधारण तेवढीच उतरवायची होती. मला हसू फुटलं. आई म्हणाली, "हसतेस काय? पाय ठणकतोय माझा."

गाडी खाली आणणं हे काही जादूचं काम नाही. पुढच्या चाकांना स्प्रिंगऐवजी एक जाड लोखंडी कांब असते, ती पिळली जाते आणि गाडीचं वजन पेलते. पीळ वाढवला की गाडी वर, कमी केला की खाली. जॅक लावायचा, चाकं अधांतरी करायची, स्टँडवर गाडी टेकवायची आणि मग दोन्ही बाजूंचे बोल्ट सारखेच फेरे मोजून सैल करायचे. एका बाजूला अर्धा फेरा जास्त झाला तर गाडी लंगडी उभी राहते. वर्गात मी हे तोंडपाठ सांगते. त्या दिवशी अंगणात चटई टाकून गाडीखाली शिरले आणि प्रत्येक फेऱ्याला दादाला एकेक शिवी हासडली. घे तुझा रुबाब. घे तुझी किंमत. घे तुझी चार माणसं. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शेजारचे गुजराती काका, वडिलांबरोबर रेल्वेत होते ते, कुंपणापाशी येऊन उभे राहिले. माझे नुसते पाय बाहेर दिसत होते. पायांना विचारलं, "बेन, भाईने पूछ्युं?"

"दादाला नाही पूछ्युं काका, आणि पूछणार पण नाही," मी गाडीखालूनच म्हटलं.

"तो पछी झगडो थशे," काका म्हणाले आणि सावलीत खुर्ची घेऊन बसले. झगडा होणार हे त्यांना आमच्या घराकडे बघून तीस वर्षांपासून माहीत होतं.

दुपारपर्यंत पुढची बाजू उतरली. गाडी चाकांवर घेतली, पुढेमागे केली, दाबून बसवली. पुढची पट्टी साडेचार विटांवर आली. मागची बाजू उतरली की उरलेली अर्धी वीटही येणार होती. आई बाहेर आली. तिने मूठ धरली आणि पाय उचलून पाहिला. टाच पट्टीला घासली. "जमेल गं आता," ती म्हणाली. "जोर केला तर जमेल. जाऊ या का?"

हे मी विसरू शकत नाही. जोर केला तर जमेल, म्हणाली होती ती. गुरुवारी दुपारी तीनला.

"अर्धवट काम मी सोडत नाही," मी म्हटलं. "पुढून खाली, मागून वर, अशी गाडी कोण रस्त्यावर काढतं? वर्गातली पोरं हसतील मला." मला पोरं हसतील! दादाची किंमत आणि माझी पोरं, एकाच माळेचे मणी.

शुक्रवारी मागची बाजू काढली. मागे एकावर एक पाट्यांची कमान असते आणि सगळे पाटे मधोमध एका बोल्टने बांधलेले असतात. तो बोल्ट खोलून दादाचा जादा पाटा काढायचा, की झालं. पण समुद्राची हवा कुणाला सोडते? बोल्ट गंजून पाट्यांशी एकजीव झाला होता. तेल सोडलं, ठोकला, तापवला, पुन्हा ठोकला आणि तो डोकं टाकून तुटला. दुसऱ्या बाजूचाही तसाच. डहाणूत त्या मापाचा बोल्ट मिळेना. मग बस पकडून तलासरीला गेले, हायवेवर ट्रकचे सुटे भाग विकणाऱ्याकडे मिळाले, आणि येताना बस अशी रखडली की दिवस मावळतीला लागला. अंधारात गाडीखाली जायचं नाही हा वडिलांचा नियम मी कधी मोडलेला नाही. काम शनिवारवर गेलं.

त्या संध्याकाळी दोन फोन आले. एक दादाचा. "गाडी पुसून ठेव. उद्या माणसं सांगितलीत." मी "हो हो" म्हटलं आणि हसू दाबलं. दुसरा मामीचा. आवाज बारीक. "उद्या नक्की ना?" मी म्हटलं, "मामी, दहा वाजता दारात बघा. आई ऐटीत उतरेल." आई शेजारीच बसली होती. तिने फोन मागितला. मामीने मामाच्या कानाशी फोन धरला असावा, कारण आई बराच वेळ काहीतरी पुटपुटत होती, लहान मुलाशी बोलावं तसं. मग मला म्हणाली, "अजून टमटम मिळेल बघ."

"आता? उद्या सकाळी निघतोय ना आपण? एवढं काय अडलंय?"

तिने फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

शनिवारी उजाडताच मी कामाला लागले. एका बाजूची कमान जुळली, नवा बोल्ट बसला. दुसऱ्या बाजूचे पाटे ओळीत घेत होते तेवढ्यात घरात फोन वाजला. आईने घेतला. मी गाडीखालून तिची नुसती पावलं पाहिली, दारात आली ती. स्थिर. मग म्हणाली, "गेला."

मी बाहेर आले. हात काळे, तोंड काळं. गाडीची मागची दोन्ही चाकं काढलेली, बूड स्टँडवर. दारात एवढी गाडी, आणि ती गाडी नव्हती. मी म्हटलं, "आई, अर्धा तास दे, चाकं चढवते..."

आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चपला घातल्या आणि भिंत धरत, मग कुंपण धरत, मग काहीच न धरता रस्त्याला लागली. शेजारच्या काकी धावत गेल्या आणि त्यांनी तिचा हात धरला. मी मागे निघाले तर आई न वळता म्हणाली, "तू गाडी कर." नाक्यावर त्या दोघी टमटममध्ये बसल्या. सहज बसली ती. टमटमला पायरी केवढी असते? वीत!

मी परत आले आणि गाडी केली. दुसरं काय करणार होते? बोल्ट सगळे आवळले, चाकं चढवली, जॅक काढला. मला रडायचं होतं आणि त्याच वेळी मी मागच्या बाजूची उंची मोजत होते. अकराच्या पुढे कैनाडला पोचले. वरातीमागून घोडं, आणि तेही कसल्या वरातीमागून!

मामाला अंगणात ठेवलं होतं. आई त्याच्या उशाशी बसली होती आणि त्याचे केस सारखे करत होती. मी जवळ गेले तर तिने सरकून जागा केली. दादा सुरतहून दुपारी एक वाजता पोचला. मग पुरुष मामाला घेऊन गेले.

ते परत आले, आंघोळी झाल्या, माणसं ओसरीवर टेकली. ओल्या केसांनी दादा गाडीपाशी आला आणि थबकला. चाकाच्या वरची जागा हाताने चाचपली. वाकून खाली पाहिलं. मी जवळच उभी होते.

"गाडीला काय केलंस तू?" दबक्या आवाजात.

"माणसांत आणली."

"कुणाला विचारून? माझी गाडी आहे ती. खालून घासेल आता सगळीकडे, खाणीवर कशी न्यायची? अक्कल गहाण टाकलीस का?"

"आणि तू? काखेत हात घालून आईला उचललंस तेव्हा तुझी कुठे होती?"

"मी तरी न्यायला आलो होतो. तू तर तीन दिवस घरात बसवून ठेवलंस तिला!"

हे बसलं. जिथे बसायला हवं तिथे बसलं, म्हणून मी आणखी मोठ्याने ओरडले. काय ओरडले ते आता लिहीत नाही. ज्या अंगणातून काही तासांपूर्वी मामाला नेलं, त्या अंगणात आम्ही दोघं पन्नाशीची माणसं गाडीच्या उंचीवरून एकमेकांचे बाप काढत होतो, आणि बाप एकच होता.

मामी दारात आली. तिने आम्हाला गप्प केलं नाही. नुसतं सांगितलं, "त्यांनी गुरुवारपासून बाजलं दाराकडे करून घेतलं होतं. ताई आली की दिसेल म्हणून. मी म्हणत होते, येतील, गाडीचं काम चाललंय. ते म्हणाले, एवढं कसलं काम?"

दादा गाडीपासून बाजूला झाला.

आई मामीच्या मागून बाहेर आली. निघायची वेळ झाली होती. ओसरीवर, कुंपणापाशी, रस्त्यापलीकडे, सगळीकडे माणसं होती. मी गाडीचं पुढचं दार उघडलं आणि सवयीने तिचा दंड धरायला गेले. तिने हात झटकला. दादा पुढे झाला, त्याच्याकडेही तिने तसंच पाहिलं. मूठ धरली, पाय उचलला, पट्टीवर ठेवला आणि वर गेली. एका दमात. साडी घोट्याच्या वर सरकली नाही. सगळं कैनाड बघत होतं. लाज वाटते सांगायला, पण सांगते. त्या क्षणी मला पहिलं जे वाटलं ते मामाचं दुःख नव्हतं. मला वाटलं, माप बरोबर बसलं.

आईने दुसरा पाय आत घेतला आणि पदर नीट केला. मग खाली उभ्या असलेल्या आम्हा दोघांकडे बघितलं, आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे.

"चढले," ती म्हणाली. "आता कुठं नेताय मला?"